बेघर असल्याचा कागद

“गावाकडं घर आहे का तुमचं?” खिडकी क्रमांक तीनमधल्या तारळेकर बाईंनी वर न बघता विचारलं.

या प्रश्नाला उत्तर एकच होतं, ‘नाही’. आदल्या दिवशी मी ते आईकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

“आहे की!” आई म्हणाली. “नांदणवाडीला उतरायचं आणि मगदुमांचं घर कुठलं म्हणून कुणालाबी विचारायचं. हाताला धरून आणून सोडत्यात. तीन खणांचं घर, म्होरं ही एवढी पडवी, दारात शेवगा. शेंगा काय लागत्यात बाई, एकेक हातभर!”

तारळेकर बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

“घर कुणाच्या नावावर आहे?”

“वडलांच्या.”

“वडील?”

“वारले. दहा वर्षं होतील.”

“मग आता ते घर कुणाचं?”

“भाऊ राहतोय,” आई म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं जोडलं, “आमचंच की.”

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी घरकुलं बांधून झाली होती आणि चिठ्ठ्या टाकून काढलेल्या सोडतीत आईचा नंबर निघाला होता. क इमारत, दुसरा मजला. माझे वडील गेल्यापासून आई मागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. दिवसभर चात्यांसमोर उभं राहून सूत गुंडाळायची. तिच्याबरोबर कांड्या भरणाऱ्या चौदा बायकांनी अर्ज केले होते. नंबर तिचा एकटीचा निघाला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले, आणि आमच्या घरमालकिणीलाही दिला. तिनं तो खाल्ला आणि विचारलं, “मग खोली कधी सोडताय?”

आता फक्त कागदांची छाननी राहिली होती. योजनेची मुख्य अट होती, अर्जदाराला देशात कुठंही घर नसावं.

तारळेकर बाईंनी खणातून एक छापील कागद काढला. वर लिहिलं होतं, ‘नमुना ड’.

“त्या घरात तुमचा हक्क नाही म्हणून हे भावाकडून भरून आणा. त्यांची सही, गावच्या ग्रामसेवकाची सही, शिक्का. उद्या पाचपर्यंत खिडकी उघडी आहे. त्यानंतर तुमचं घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला जातं. माझ्या हातात काही नसतं.”

बाहेर आल्यावर मी आईला भिंतीकडे घेतलं.

“काय ठरलं होतं आपलं?”

“तिनं घर कुठलं म्हणून विचारलं.”

“‘आहे का’ म्हणून विचारलं!”

“मग काय न्हाई म्हणू? चारचौघांत? मागं चार माणसं हुबी होती.”

“आई, त्या घरात तू नऊ वर्षांत पाऊल ठेवलेलं नाहीस.”

“पाऊल ठेवलं न्हाई म्हणून घर पडतंय व्हय?” आई म्हणाली आणि पदर खोचून चालायला लागली.

सकाळी सातच्या एसटीनं आम्ही नांदणवाडीला निघालो. आई खिडकीशी बसली होती. कागद तिनं पिशवीत न ठेवता हातात धरला होता. तिला वाचता यायचं, पण छापील सरकारी मजकूर ती मला वाचायला लावायची. हा मात्र तिनं वाचायला लावला नाही आणि मीही वाचून दाखवला नाही. मी आदल्या रात्री तो वाचला होता. त्यात एक शब्द होता, तो तिच्या कानावर जितका उशिरा पडेल तितकं बरं, असं मला वाटत होतं.

नऊ वर्षांपूर्वीचं भांडण मला आठवत होतं. आजोबा गेल्यानंतरची पहिली भाऊबीज. आप्पामामा आमच्या भाड्याच्या खोलीत आला होता. आईनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. मामानं खिशात हात घातला आणि तबकात घडी घातलेला कागद ठेवला. वडिलांच्या घरावरचा हक्क सोडल्याचा कागद. वर पेनही ठेवलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तालुक्याला जायचं होतं, वाटेत बहीण होती, एका फेरीत दोन कामं. पण आईनं तो कागद निरांजनावर धरला. जळायला लागला तसा मामा उठला. चप्पल घालताना म्हणाला, “कागदच हुता की गं.” आई म्हणाली, “ओवाळणी हुती ती.” त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

आता ती तोच हक्क सोडायला, स्वतः कागद घेऊन, एसटीनं निघाली होती.

“करंल सही?” मी विचारलं.

“उड्या मारत करंल,” आई म्हणाली. “त्येला तेच तर पायजे हुतं.”

मामा पडवीत बसून दोरखंडाला गाठ मारत होता. आम्हाला बघून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. छबूमामी आतून धावत आली आणि आईच्या गळ्यातच पडली.

“वन्सं! बया, किती वाळलायसा! ये गं वैजू, किती उंच झालीस!” मग नवऱ्याकडे वळून, “आवो, दोरी सोडा की ती! बहीण आलीया, म्हस न्हवं!”

“आलीस व्हय,” मामा दोरीकडे बघत म्हणाला.

“कामाला आले,” आई म्हणाली. “तुज्या फायद्याचं काम हाय.”

चहा होईपर्यंत मी मामाला सगळं सांगितलं. कागदाचं सांगितलं, तो एक शब्द सोडून. मामा मान हलवत होता. सोडतीचं ऐकून त्यानं मांडीवर थाप मारली. “पाचशे माणसांत हिचा लंबर? लहानपणीबी चिंचोक्यांत हीच जिकायची.” मामी आतूनच ओरडली, “मग करून टाका सही, मुहूर्त कशाला बघताय?”

ग्रामसेवक कुरणे यांच्याकडे चार गावं होती. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. शुक्रवार नांदणवाडीचा होता, पण साडेबाराला त्यांना पुढच्या गावाला बैठक होती. मामीनं शेजाऱ्याकरवी निरोप धाडला आणि भाऊसाहेब मोटारसायकलवरून शिक्क्याची पिशवी गळ्यात अडकवून पडवीतच आले. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“सोपं काम आहे,” ते म्हणाले. “आप्पा, वाचा आणि सही करा.”

“तुमीच वाचा. माजा चष्मा आत हाय.”

भाऊसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज ग्रामसभेत वाचायचा होता. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असा.

“‘मी लिहून देतो की, श्रीमती मालन दिनकर बाबर या माझ्या सख्ख्या भगिनी असून, मौजे नांदणवाडी येथील वडिलोपार्जित घरात त्यांना कोणताही हक्क अथवा आश्रय नाही. त्या बेघर आहेत.’ बास. इथं सही.”

मामाच्या हातातलं पेन भाऊसाहेबांनी दिलं होतं तसंच आडवं राहिलं.

“शेवटचं काय म्हणालासा?”

“बेघर आहेत.”

“कोण?”

“तुमची बहीण.”

मामा उठला. “माजी बहीण? मगदुमाची लेक बेघर? आन् ते मी लिवून देऊ? मी काय मेलोय व्हय?”

“अहो आप्पा, छापील आहे ते. सगळ्यांना तेच.”

“सगळ्यांना भाऊ नसंल! हिला हाय.”

“आप्पा,” आई म्हणाली, “नऊ वर्सांमागं तूच म्हणत हुतास की, हक्क सोड म्हणून.”

“तवा हक्क म्हणालो. बेघर न्हाई म्हणालो.”

“एकच झालं.”

“एकच कसं? हक्क घराचा आसतोय, माले. बेघर माणूस आसतंय.”

आता मामी बाहेर आली. हाताला पीठ होतं. “नऊ वर्सं भाऊबीजेला गेला न्हाईसा. दर वर्साला त्या दिवशी उपाशी माणसागत पडवीत बसून ऱ्हायलासा. आन् आज भाऊ जागा झाला व्हय? त्या बाईला घर मिळतंय, मिळू द्या की!”

“तू गप.”

“मी गप बसले तर चुलीवरली भाकरी बोलंल.”

“मिळू दे घर! मी नको म्हंतोय का?” मामाचा आवाज चढला. “पर आश्रय न्हाई म्हणं! कुणी ठरवलं? आज ये, उद्या ये, पोरीला घिऊन ये, जन्मभर ऱ्हा. आतली खोली रिकामी हाय. न्हाई कसा आश्रय?”

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. “आप्पा, हे असं माझ्यासमोर बोलू नका. मी ऐकलं तर मला शिक्का मारता येणार नाही.”

मी आईकडे बघितलं. आणि मला धक्का बसला. ती चिडलेली नव्हती. पदराचं टोक तोंडाशी धरून ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. नऊ वर्षं ज्या माणसानं तिला घराबाहेर काढलं असं ती धरून चालली होती, तो तिला बाहेर काढायला सही करायला तयार नव्हता.

तिनं पुढं होऊन भाऊसाहेबांच्या हातातून कागद घेतला आणि चार घड्या घातल्या.

“ऱ्हाऊ दे वैजू,” ती म्हणाली. “चल. मला गावलं काय गावायचं ते.”

बारा वीस झाले होते.

भाऊसाहेब आल्यापासून मी मधे बोलले नव्हते. भाच्यांनी मामासमोर फार बोलायचं नसतं. पण आईनं कागदाची पाचवी घडी घालायला सुरुवात केली आणि माझा तोल गेला.

“तुला गावलं. मला काय गावलं?”

“वैजू...”

“मामा, हे घर आईचं आहे. मान्य. शेवगा तिचा, पडवी तिची, आतली खोली तिची. आमच्या सात खोल्या झाल्या आजवर. एका मालकानं पाणी जास्त वापरता म्हणून काढलं. एकानं त्याच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून. एकीनं तर काही कारणच दिलं नाही, कुलूप बदललं. मी बारावीचा अभ्यास जिन्यात बसून केला. ते जाऊ दे. उद्या माझं लग्न होईल. सासरी कुणी विचारलं, माहेर कुठलं? तर मी काय सांगू? आईचं माहेर सांगू?”

मामानं हातातलं पेन खाली ठेवलं.

“दिवाळीला, पंचमीला मी कुठं येऊ, मामा? बाळंतपणाला कुठं येऊ? आई ज्या खोलीत असेल तिथं? आणि ती खोली त्या वर्षी बदललेली असेल तर? भाड्याच्या खोलीत माहेर असतंय व्हय?”

मामी पिठाचे हात तसेच धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, “खरं हाय पोरीचं.”

मामा पुन्हा खाली बसला. त्यानं दोरखंड बाजूला सरकवला.

“खोल्या किती?” त्यानं विचारलं.

“एक मोठी खोली. एक स्वयंपाकघर.”

“न्हाणी?”

“आतच. संडासही आत.”

“खिडक्या?”

“दोन.”

“कुठल्या अंगाला?”

“एक उगवतीला. एक रस्त्याकडं.”

“जिना दांडगा हाय का? पोटुशी बाई चढंल का धडपणी?”

“आप्पा!” आई ओरडली. “पोरीचं अजून कशात काय न्हाई!”

“आपण बघून ठिवायला पायजे,” मामा गंभीरपणे म्हणाला. मुलाकडचं घर बघायला गेलेला माणूस विचारतो तसं तो सगळं विचारत होता. शेवटी त्यानं हात पुढं केला. “आण तो कागद. छबू, चष्मा आण.”

आईनं कागद लगेच दिला नाही. आधी तिनं एकेक घडी उलगडली, मांडीवर ठेवून हातानं इस्त्री केल्यासारखी सपाट केली, आणि दिला.

मामानं चष्मा लावला. सुतारकाम करावं तसं जीभ दातांत धरून तो लिहायला लागला. लिहितच राहिला. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं.

“आप्पा, सही करताय का गाथा लिहिताय?”

“झालं, झालं.”

भाऊसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. “हे काय केलंत? छापील नमुन्यात आपलं काही घालायचं नसतं! दुसरा कोरा कागद आहे का, पोरी?”

नव्हता. तारळेकर बाईंनी एकच दिला होता.

सहीच्या वर, मोठ्या बाळबोध अक्षरात, मामानं लिहिलं होतं: ‘वरील बहिणीस घर नाही हे खरे आहे. माहेर आहे. ते बंद होणार नाही.’ आणि खाली, आप्पासो बाळू मगदूम.

“खोडा ते,” भाऊसाहेब म्हणाले.

“खोडत न्हाई. पायजे तर नुसतं ‘बेघर’ खोडतो.”

“ते तर अजिबात नको!” भाऊसाहेबांनी पिशवीतून शिक्क्याचं पॅड काढलं. बारा तीस झाले होते. “हे बघा, मी शिक्का माझ्या सहीवर मारतोय. तुमच्या साहित्यावर नाही. पुढं काय व्हायचं ते होवो.”

शिक्का बसला. भाऊसाहेब मोटारसायकलला किक मारून गेले. मामीनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यात तास गेला. आणि एसटी चुकली. मग मामानं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर काढला आणि आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं. आई चाकावरच्या पत्र्यावर बसली होती, एका हातानं दांडी धरून, लहान मुलीसारखी. फाट्यावर उतरताना मामा म्हणाला, “माले, भाऊबीजेला...”

“पाट मांडून ठेवते,” आई म्हणाली. “हात हलवत आलास तरी चालंल. कागद तेवढा आणू नगंस.”

पाचला वीस मिनिटं कमी असताना आम्ही खिडकी क्रमांक तीनवर पोचलो. पुढं दोन माणसं होती. दुसऱ्याचा फोटो चिकटवायचा राहिला होता आणि त्याच्याकडं डिंक नव्हता. आईनं मामीनं बांधून दिलेल्या भाकरीचा तुकडा मोडून, थुंकी लावून मळून, त्याला दिला. फोटो चिकटला.

तारळेकर बाईंनी नमुना ड हातात घेतला. वरून वाचायला लागल्या. सहीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे कुणी लिहिलं?”

“माझ्या भावानं,” आई म्हणाली. मी तिचा हात दाबला, पण ती आता थांबण्यातली नव्हती. “बाई, त्येची काही चूक न्हाई. तो तसाच हाय. आमी सगळेच तसे हाय.”

“माहेर आहे म्हणतात.”

“हाय.”

“बंद होणार नाही म्हणतात.”

“न्हाई हुणार,” आई म्हणाली.

मला वाटलं, संपलं. महिन्याभरापूर्वीच खोलीच्या भिंतीवर मी त्या क इमारतीतल्या घराचा नकाशा काढून ठेवला होता. कॉट कुठं, कपाट कुठं. तो पुसायचा कसा, याचा मी विचार करायला लागले.

तारळेकर बाईंनी मागच्या फडताळातून योजनेच्या नियमांचं पुस्तक काढलं. पात्रतेचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागल्या, अर्धवट आवाजात. “‘अर्जदाराच्या नावे पक्के घर नसावे.’ नाही. ‘पतीच्या नावे नसावे.’ नाही. ‘अविवाहित अपत्यांच्या नावे नसावे.’ नाही. ‘भूखंड नसावा.’ नाही. ‘यापूर्वी अन्य योजनेचा लाभ घेतलेला नसावा.’ नाही.” त्यांनी पान उलटलं. मागचं पानही बघितलं. तळटीपा बघितल्या. भिंतीवरचं घड्याळ पाचला तीन मिनिटं कमी दाखवत होतं.

“माहेर नसावं,” त्या म्हणाल्या, “अशी अट काही दिसत नाही.”

आणि त्यांनी शिक्का उचलला. ‘पात्र’. शिक्क्याचा आवाज एवढा मोठा आला की शेजारच्या खिडकीतल्या साहेबांनी वळून बघितलं.

“सोमवारी यादी लागेल, बुधवारी चाव्या,” त्या म्हणाल्या. “ओळखपत्र घेऊन या. आणि मावशी, चावी घेताना कुणी काही विचारलं तर फक्त हो किंवा नाही म्हणायचं.”

“व्हय,” आई म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं, म्हणून एवढंच.

आम्ही वळलो, तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. फाइलमधून नमुना ड पुन्हा काढून त्यांनी खिडकीतून माझ्याकडे सरकवला.

“समोरच्या दुकानातून याची एक झेरॉक्स काढून आण. पळत जा, बंद करेल तो.”

“फाइलला दोन लागतात का?”

“फाइलला हीच पुरे,” तारळेकर बाई म्हणाल्या आणि खिडकीची फळी ओढायला उठल्या. “झेरॉक्स माझ्या भावाला पाठवायची आहे.”